मोहरीच्या तेलानं आवळलेली मशीन

"ताई, हिला लकवा मारलाय," म्हणत शेजारच्या वहिनी आणि त्यांचा मुलगा दोघांनी मिळून एक काळीभोर शिलाई मशीन उचलून आणली आणि माझ्या फॉल-पिकोच्या टेबलावर ठेवली. नुसतं डोकं, दहा-बारा किलोचं, स्टँड घरीच. जानेवारीची सकाळ होती, ग्वाल्हेरचा महाराज बाडा, म्हणजे आमचा मुख्य चौक, धुक्यात बुडालेला, आणि माझे हात अजून चहाच्या कपाभोवतीच. चाक फिरवून पाहिलं. चाक, सुई, कापड पुढे सरकवणारे खालचे दाते, काही म्हणता काही हलेना.

मग मी तिचा वास घेतला. हसू नका, निम्मं निदान तिथेच होतं. खवट, नाकात चढणारा वास.

"सासूबाई कोणतं तेल घालायच्या हो?"

"घरातलंच. सरसोंचं."

मोहरीच्या तेलाला आमच्याकडे मराठी घरांतही सरसोंचंच म्हणतात. चंबळच्या पट्ट्यात मोहरी उदंड, घरोघरी डबा भरलेला. मशीनच्या तेलाची पिटुकली बाटली संपली की बायका वाटीत थोडं स्वयंपाकाचं तेल घेऊन पिसानं मशीनला लावायच्या. आठ दिवस मशीन अगदी गुळगुळीत चालते. पण हे तेल हवा लागून हळूहळू चिकट होतं, मग घट्ट, आणि शेवटी त्याचं वार्निश बनतं. जवसाच्या तेलात रंग कालवतात ते त्याच्या याच गुणासाठी. मोहरीचं तेल त्या मानानं मंद, पण वाट तीच. खोबरेल असं वाळत नाही, पण ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत पारा पाच-सहावर येतो तेव्हा खोबरेल घातलेली मशीन सकाळी जड आणि दुपारी उन्हात हलकी चालते. तुमची मशीन असं करत असेल तर कारण कळलं.

हे मी एका मिस्त्रींकडून शिकले. ते बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये फिटर होते, आणि मिल बंद झाल्यावर सायकलवर पेटी बांधून घरोघरी मशिनी दुरुस्त करत फिरायचे. चाक अडलं की मी दोन्ही हातांनी जोर लावायची. एकदा त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. म्हणाले, "बहनजी, मारो मत, पूछो कहाँ दुखता है." खाली जे लिहिते आहे ते सगळं हे विचारण्याचंच तंत्र आहे. अडकलेली मशीन सहसा मोडलेली नसते. एक-दोन जागी आवळलेली असते, आणि ती जागा सापडली की निम्मं काम झालं.

(माझी पुण्याची नणंद "ते मशीन" म्हणते. आम्ही ग्वाल्हेरवाले "ती मशीन" म्हणतो. तुम्ही तुमच्या सवयीनं वाचा.)

कुठे दुखतंय

मशीन स्टँडवर असेल तर सगळ्यात आधी पट्टा उतरवा. मग चाक हातानं फिरवा. चाक हलकं फिरलं, तर दोष मशीनमध्ये नाहीच, खाली स्टँडमध्ये आहे. तुम्ही उगाच डोकं उघडून बसाल. स्टँडबद्दल शेवटी सांगते.

पट्टा काढूनही चाक जड असेल तर बॉबिन भरायची टिकली बघा. तिचं रबर चाकाला टेकून राहिलं असेल तरी चाक ओढल्यासारखं वाटतं. एकदा एका बाईंची मशीन मी तासभर उघडून बसले होते आणि शेवटी दोष एवढाच निघाला. त्यांना मी तो सांगितला नाही.

पुढची परीक्षा चाकाच्या मधल्या गोल बटणाची. बॉबिन भरताना आपण हे बटण सैल करतो, म्हणजे चाक फिरतं पण सुई हलत नाही. चाक एका हातानं घट्ट धरा आणि बटण आपल्याकडे, सैल करायच्या दिशेनं फिरवा. बटण सैल झाल्यावर चाक एकटं मोकळं फिरलं, तर अडकलेलं काहीतरी आत आहे. चाकही हललं नाही, तर चाक आपल्याच दांड्यावर चिकटलं आहे. दोन्ही एकदमही असू शकतं. वहिनींच्या मशीनला दोन्ही होतं, शिवाय बटणही घट्ट बसलेलं.

आता सुई काढा, कापड दाबून धरणारा फूट काढा, खालच्या दोऱ्याची डबी म्हणजे बॉबिन केस काढा. वाकडी सुई प्लेटीत रुतलेली असते आणि आपण "मशीन जाम" म्हणत बसतो, असंही होतं.

दोरा, आणि दात्यांखालचा नमदा

चालता चालता एकाएकी अडलेली मशीन आणि वर्षानुवर्षं पडून अडलेली मशीन, या दोन वेगळ्या रोगी आहेत. काल शिवत होती आणि आज खट् करून थांबली, तर दहातल्या आठ वेळा शटलमागे, म्हणजे सुईचा दोरा खालून पकडणाऱ्या तुकड्यामागे, दोरा अडकलेला असतो. डोकं मागे कलवा. जुन्या पंधरा नंबरच्या सिंगरमध्ये, आणि तिच्याच घाटाच्या आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशिनींत, शटल डाव्या टोकाला उभी बसते आणि अर्धा वेढा पुढे, अर्धा मागे अशी झुलते. तिच्यावरची कडी दोन लहान खिट्ट्यांनी धरलेली असते, काहींत स्क्रूनं. खिट्ट्या बाजूला केल्या की कडी निघते, मग मधली खुंटी चिमटीत धरून शटल बाहेर. सुई दांडा वर असेल तर शटल सहज येते; अडकलेल्या मशीनमध्ये तो जिथे असेल तिथे असतो, म्हणून जरा डावं-उजवं हलवून बघा, ओढू नका. दोऱ्याचा तुकडा बहुतेक वेळा शटल आणि तिच्या खोबणीच्या मधे, केसासारखा बारीक होऊन बसलेला असतो. दिसत नाही. एक थेंब तेल सोडून चिमट्यानं काढा. चाकूचं टोक तिथे घालू नका. खोबणीला ओरखडा पडला की पुढे दोरा कायम तिथेच अडतो.

परत बसवताना शटल आणि तिला ढकलणारा चंद्रकोरीसारखा तुकडा, दोघं मिळून पूर्ण गोल होतात. गोल झाला नाही तर कडी नीट बसणार नाही. कडी दाबून बसवली आणि चाक अडलं, तर परत काढा.

मग सुईखालची प्लेट. तिचे दोन स्क्रू काढायचे. वहिनींच्या मशीनचे स्क्रू काढून मी प्लेट उचलली तर खाली दाते दिसेचनात. दोन ओळींमधली चर ठासून भरलेली. टाचणी घालून एक कोपरा उचकला, आणि अख्खी पट्टीच निघाली, जाड, नमद्यासारखी दाबलेली, खालच्या बाजूला दात्यांचा ठसा उमटलेला. उजेडात धरली तर तिच्यात थर होते. सगळ्यात वर राखाडी, मग एक लालभडक रेघ, खाली पोपटी, आणि तळाशी पांढरं सुती. "लाल म्हणजे माझ्या लग्नातला शालू असणार, फॉल सासूबाईंनीच लावला होता," वहिनी म्हणाल्या. पोपटी मुलाची झबली. सरसोंच्या तेलात भिजून ते सगळं लाकडासारखं कडक झालं होतं, आणि दात्यांना खाली जायला जागाच उरली नव्हती. प्लेटीच्या पोटातही असाच थर असतो, तोही खरवडा. जुना टूथब्रश आणि टाचणी पुरते.

एवढं झालं की निम्म्या मशिनी फिरायला लागतात. वहिनींची नाही फिरली.

मुरवणं

आता तेलाचं वार्निश विरघळवायचं. त्याला घासलेट सगळ्यात चांगलं, पण हल्ली ते सहजी हाती लागत नाही. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. डब्ल्यूडी-फोर्टीचा फवाराही चालतो, पण लक्षात ठेवा, ते जुनं तेल सोडवायला आहे, मशीनचं तेल म्हणून नाही. फवारून शिवायला बसलात तर पुन्हा महिन्याभरात कुरकुर सुरू.

आणि ते फक्त आत, जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथेच. बाहेरच्या काळ्या रंगावर आणि सोनेरी वेलबुट्टीवर काही घासू नका. माझी स्वतःची मशीन मी मोठ्या उत्साहानं थिनरनं पुसली होती. फडकं सोनेरी झालं आणि मशीनवरच्या इंग्रजी सिंगर या नावातली शेवटची दोन अक्षरं गेली. उरलं "सिंग". तेव्हापासून गल्लीतली पोरं तिला सिंगसाहेब म्हणतात. स्पिरिटही नको, त्यानं वरचं लाखेचं पॉलिश सुटतं. बाहेरून मशीनच्याच तेलाचा बोळा फिरवा, मळ आपोआप येतो.

कुठे कुठे सोडायचं? वरच्या बाजूला दोन-तीन भोकं असतात, त्यांत. डावीकडची उभी पट्टी, जिच्यावर नक्षी असते, एका स्क्रूनं बसवलेली असते. ती काढली की सुई दांडा, फुटाचा दांडा आणि दोरा वरखाली करणारा हात हे तिघं उघडे दिसतात. प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला. मागच्या बाजूला एक गोल झाकण असतं, तेही उघडा. बऱ्याच लोकांना ते झाकण उघडतं हेच माहीत नसतं, आणि आतला मोठा सांधा, वरच्या दांड्याची चाल खाली नेणारा, जन्मभर कोरडा राहतो. मग डोकं कलवून खालचे सगळे सांधे. शेवटी चाक आणि दांडा यांच्यामधली फट.

थेंब-थेंब सोडा, आंघोळ नको. आणि मग सोडून द्या. संध्याकाळी पुन्हा, सकाळी पुन्हा. मी प्रत्येक वेळी चाक धरून अगदी हलकेच पुढेमागे करते, दार वाजवावं तेवढंच. हातानंच. पाना, पकड, मुसळ (हो, एक काका मुसळ घेऊन आले होते) काही नको. चाकाचं ओतीव लोखंड ठिसूळ असतं, आरा एकदा मोडला की त्याला डाग देणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

घासलेट लावलेल्या मशीनजवळ उदबत्ती, शेगडी, हीटर काही नको. आमच्याकडे थंडीत घरोघर शेगडी पेटलेली असते म्हणून मुद्दाम सांगते.

उष्णतेचा उपयोग मात्र मोठा आहे, आणि तो कोरड्या मशीनवर, घासलेट लावण्याआधी. उन्हाळ्यात आला असता हा पेशंट तर मी काही केलंच नसतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काळी मशीन गच्चीवर दुपारभर ठेवली की तिला हात लावता येत नाही. संध्याकाळी खाली आणायची, गरम असतानाच मशीनचं तेल सोडायचं, ते आपसूक आत ओढलं जातं. थंडीत हेअर ड्रायर. एका जागी धरून पाच-सात मिनिटं, लोखंड तापेपर्यंत. रंगाला चटका बसेल इतकं नाही; हाताला सोसवेल तितकं पुरे.

अडकलेला नेमका कोण

दुसऱ्या दिवशी चाक केसभर हललं. इथे खरा खेळ सुरू होतो. चाक त्या केसभर जागेत हलवत राहायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका भागावर ठेवत जायचं. जो भाग चाकाबरोबर थरथरतो तो मोकळा. थरथर जिथे संपते, त्याच्या पुढचा आवळलेला. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. मोठ्या सांध्यावर बोट ठेवलं, थरथर होती. खालच्या दोन्ही दांड्यांवर होती. डावीकडे आले, दोरा ओढणाऱ्या हातावर किंचित. सुई दांड्यावर काहीच नाही.

म्हणजे सुई दांडा. तो ज्या दोन नळ्यांतून वरखाली होतो त्यांतली वरची नळी बघितली तर तिच्या तोंडाशी मधासारखा पिवळा, पारदर्शक थर जमलेला होता. नखानं टोचला, काच जशी. तेच ते तेल. मी आधीचं सगळं पुसून कोरडं होऊ दिलं, ड्रायर त्या टोकावर धरला, मग थंड होऊ दिलं, मग कापसाच्या वातीनं टर्पेंटाइन सोडलं. असं तीनदा. तिसऱ्यांदा चाक हलवताना आतून टक् असा बारीक आवाज आला आणि दांडा दाणाभर खाली सरकला. वहिनी तेव्हा वाटाणे सोलत बसल्या होत्या. "मोडलं का काही?" म्हणून दचकल्या.

एवढं होऊनही चाक पूर्ण फिरवायची घाई करू नका. दाणाभर खाली, दाणाभर वर. जे विरघळलं ते पुसत जा, नाहीतर तोच चिकटा पुढे सरकून परत आवळतो. पाऊण तासात पूर्ण फेरा झाला.

सुई दांडा धरून ठेवणारा स्क्रू सैल करायचा मोह होतो, कारण मग चाक लगेच फिरतं. करू नका. तो सैल झाला की सुईची उंची जाते, आणि मग शटल दोरा पकडत नाही. करावंच लागलं तर दांड्यावर आधी नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवा, म्हणजे परत तिथेच बसवता येईल.

दांड्याला गंज असेल तर फार बारीक पॉलिश पेपर, तेल लावून, दांड्याच्या लांबीच्या दिशेनं. आडवं घासलं की खाचा पडतात.

सगळं मोकळं होऊनही मशीन जडच चालली, तर खालच्या बाजूचे टोकदार स्क्रू बघा. काही दांडे दोन टोकांना अशा स्क्रूंच्या टोकांवर तोललेले असतात आणि प्रत्येकावर कुलूप-नट असतो. कोणीतरी कधीतरी "घट्ट करून" ठेवलेले असतात. नट सैल करा, स्क्रू केसभर मागे घ्या, नट परत आवळा. दांडा सहज फिरला पाहिजे पण डुगडुगता कामा नये. माझ्या अनुभवात घरच्या कर्त्या पुरुषानं मशीन "बघितली" असेल तर हे स्क्रू नक्की आवळलेले असतात.

न निघणारे स्क्रू

माझ्या पहिल्या मशीनचा प्लेटीचा स्क्रू मी टेस्टरनं काढायला गेले. आपल्या प्रत्येक घरात स्क्रूड्रायव्हर म्हणजे टेस्टरच. त्याचं पातं अरुंद आणि पातळ. दोनदा घसरलं आणि स्क्रूची खाच चपटी झाली. या जुन्या मशिनींचे आटे वेगळेच असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू जुळत नाही, म्हणून प्रत्येक स्क्रू जीव लावून काढायचा. पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं आणि खाचेत घट्ट बसेल इतकं जाड हवं. खाचेतला मळ टाचणीनं काढून मगच पातं बसवा.

नाही निघाला तर आधी किंचित आवळायच्या दिशेनं फिरवा, मग सोडायच्या. स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीच्या दोन-तीन हलक्या टपल्या. तरी नाही, तर टीव्ही दुरुस्तीवाले वापरतात तो सोल्डरिंग आयर्न. सगळं घासलेट पुसून घ्या, आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर तीन-चार मिनिटं टेकवून ठेवा, थंड होऊ द्या, मग तेलाचा एक थेंब आणि रात्रभर विश्रांती. वहिनींच्या मशीनचा चाकाच्या बटणाचा चिमुकला स्क्रू असाच निघाला. खाच आधीच गेलेली असेल तर हॅकसॉच्या तुटलेल्या ब्लेडनं ती थोडी खोल करून घेता येते.

बटण निघालं की आत एक वॉशर असतो, आतल्या बाजूला दोन दात, बाहेर तीन कान. काढण्याआधी फोनवर फोटो काढा. उलटा बसला तर एकतर चाक सुईला पकडतच नाही, नाहीतर बॉबिन भरताना सुटत नाही. असं झालं तर वॉशर काढून अर्धा वेढा फिरवून बसवा. वॉशरमागून चाक ओढलं की बाहेर येतं. दांडा आणि चाकाचं भोक दोन्ही पुसून, तेल लावून परत.

दोऱ्याच्या ताणाच्या चकत्या मी शेवटी उघडते. त्यांच्या मधे लोकरीसारखा कचरा असतो. क्रम चुकू नये म्हणून सगळे तुकडे ताटात एका ओळीत मांडावेत. आत एक बारीक काडी असते, फूट उचलला की ती चकत्या सैल करते. ताट उपडं झालं तर सगळ्यात आधी तीच हरवते. फूट वर असताना दोरा सहज ओढला गेला आणि खाली असताना अडला, म्हणजे चकत्या नीट बसल्या.

परत चालवताना

टर्पेंटाइनवर मशीन सोडून द्यायची नसते, ते सगळं धुऊन नेतं आणि लोखंड कोरडं पडतं. पुसून घ्या, आणि मशीनचं पांढरं तेल प्रत्येक ठिकाणी एक-एक थेंब. चाक हातानं पन्नास-साठ फेरे, पुन्हा पुसा. आतला काळा मळ दोन-तीन दिवस येत राहतो.

नवी सुई घाला. सुती कापडाला चौदा किंवा सोळा नंबर. सुई कोणत्या बाजूला तोंड करून बसवायची यावरून घरोघर भांडणं होतात. नियम सोपा आहे: ज्या बाजूनं दोरा सुईत शिरतो त्या बाजूला सुईची लांब खाच, आणि दांडीची सपाट बाजू शटलकडे. उलटी बसवली तर टाका पडतच नाही, आणि लोक परत म्हणतात, मशीन बिघडली.

शिवून बघताना वर लाल आणि खाली निळा दोरा लावा, म्हणजे गाठ कोणत्या बाजूला ओढली जाते ते कळतं. आणि पहिलं कापड चिंधीच असू द्या. मी एकदा घाईनं गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या साडीला फॉल लावायला बसले. सुई दांड्यावरून काळा थेंब ओघळला तो नेमका पदरावर. साडी मला विकत घ्यावी लागली. आता तिची उशीची अभ्रे आहेत.

वहिनींची मशीन साफ झाल्यावर पाठीवरचं तेल पुसताना उजवीकडे, खांबाच्या पायथ्याशी नंबर दिसला. वाय अक्षर आणि पुढे आकडे. म्हणजे १९२१ ते १९३५ मधली, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. नंबराआधी एफ अक्षर असतं तर ती त्याहून जुनी निघाली असती, आणि ई-ए असं जोड अक्षर असतं तर १९३५ ची किंवा त्याला लागूनची. एवढी जुनी असूनही हिची बॉबिन आणि बॉबिन केस आजही मिळते, कारण आपल्याकडच्या काळ्या मशिनी तिच्याच साच्यावर निघाल्या. वहिनींना कारखान्याचं काही वाटलं नाही. "सासूबाईंच्या सासूबाईंची असणार," एवढंच म्हणाल्या आणि चाकावर हात ठेवून एक फेरा फिरवून बघितला. मग आणखी एक.

आता स्टँड. तो बघायला मी उद्या त्यांच्याकडे जाणार आहे, पण काय दिसणार ते साधारण ठाऊक आहे. खालच्या मोठ्या चाकाचा कणा आणि पायपट्टीची दोन्ही टोकं, तिथेही तेच तेल, वर धूळ, आणि कण्याभोवती दोऱ्याची गुंडाळी. तिथेही आधी टर्पेंटाइन, मग तेल. पायपट्टीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीचा सांधा सैल असेल तर खडखड वाजते, तिथला नट थोडा आवळायचा. चामड्याचा पट्टा इतकी वर्षं ताणून सैल झालेला असेल. एका टोकाची क्लिप काढून अर्धा इंच कापायचा, नवीन भोक पाडायचं, क्लिप परत मारायची. फार आवळू नये, नाहीतर चाक पुन्हा जड. बोटानं दाबला की थोडा दबला पाहिजे. पट्टा घसरतो म्हणून त्याला तेल लावणारेही मी पाहिले आहेत.

वहिनींनी विचारलं, उरलेल्या सरसोंच्या तेलाची ती पिसाची वाटी टाकून देऊ का. मी म्हटलं, वाटी घासून घ्या, पीस टाका.